इंग्लंडच्या खेड्यात काशीच्या महाराजांनी खणून दिलेला आड

नमस्कार मंडळी! आज मी आलोय स्टोक रो नावाच्या गावात, रेडिंगपासून गाडीने अर्ध्या तासावर, ऑक्सफर्डशायरमध्ये, चिल्टर्न टेकड्यांवर. गाव म्हटलं की आपल्याला चावडी, पार, देऊळ आणि त्याभोवती घरं असं डोळ्यासमोर येतं ना, तसं इथे काही नाहीये. आपल्या कोकणातल्या वाड्या कशा असतात, चार घरं इथे, मग झाडी, मग परत दोन घरं, तसं हे विखुरलेलं गाव आहे, आजूबाजूला बीच झाडांचं दाट रान.

आता माझ्या मागे बघा. हा घुमट दिसतोय? लोखंडी खांबांवर उभा असलेला, साधारण 23 फूट उंच, आणि त्याच्या खाली तो सोनेरी हत्ती! इंग्लंडच्या खेड्यात हत्ती काय करतोय, तर घुमटाच्या पट्टीवर लिहिलंय बघा, बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली.

पण आधी पाण्याचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. इंग्लंड म्हणजे बारा महिने पाऊस, मग पाण्याची टंचाई कशी? तर या टेकड्या आहेत चॉकच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या. पाऊस पडला की पाणी झिरपून थेट खोल जातं, वर ओढा नाही, झरा नाही. वरच्या चिकणमातीत जी डबकी साचायची आणि छपरावरून जे पाणी धरून ठेवायचे त्यावर लोक दिवस काढायचे, आणि उन्हाळ्यात तेही आटायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजवायला नको.

इथून जवळच इप्सडेन म्हणून गाव आहे, तिथले एडवर्ड अँडरडन रीड कंपनी सरकारात मोठे अधिकारी होते. 1831 मध्ये त्यांनी आझमगडला लोकांसाठी विहीर खोदून दिली होती. पुढे काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह जमला आणि बोलता बोलता त्यांनी आपल्या गावाकडची हकीकत सांगितली, की घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून तिथे एका पोराला आईने मारलं होतं. महाराजांच्या ते मनात राहिलं. आपल्या लोकांसाठी यांनी विहीर खणली, मग यांच्या लोकांसाठी आपण खणू, असं त्यांनी ठरवलं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की 1857 नंतर जेमतेम सहा वर्षांत हे घडतंय, जेव्हा दोन्हीकडची मनं पार कडवट झाली होती.

1863 मध्ये खोदकाम सुरू झालं, सगळं हाताने. खोली 368 फूट! म्हणजे 35 मजली बिल्डिंग जमिनीत उलटी पुरल्यासारखी, आणि रुंदी फक्त 4 फूट. खरं तर आपल्या भाषेत ही विहीर नाही, हा आड आहे. मी आत्ता हात पसरले तर माझे हात चार फुटांच्या बाहेर जातात, एवढ्याशा जागेत माणूस खाली उतरून खणत होता, दिवसामागून दिवस, वरचं उजेडाचं भोक रुपयाएवढं झालेलं असणार. सगळे हत्तीचा फोटो काढून निघून जातात, पण इथे उभं राहिलं की मला ते खणणारेच आठवतात.

हा रहाट बघा, इथे हात लावून बघितलं तर लोखंड अजून भक्कम आहे. एक बादली वर यायला दहा मिनिटं लागायची, पण एका बादलीत चाळीसेक लिटर पाणी यायचं आणि ते सगळ्यांना फुकट, तशी अटच होती. 24 मे 1864, राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस, त्या दिवशी विहीर लोकांसाठी खुली झाली.

आणि नुसता आड खणून सोडून दिला नाही हं! राखणदाराला ते शेजारचं छोटं घर बांधलं, आणि देखभालीचा खर्च निघावा म्हणून चेरीची बाग लावली, तिचं नाव ईश्री बाग. तिथे माशाच्या आकाराचं तळंही खणलं, कारण मासा हे काशीच्या राजघराण्याचं चिन्ह. म्हणजे चेरी विकून विहीर चालायची, किती पुढचा विचार!

गावात 1846 चं सेंट जॉन चर्च आहे, गारगोटीच्या दगडांचं, तेही जाता जाता बघा.

नळ आले तसा विसाव्या शतकात आड वापरातून गेला. पण 1964 मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा इथे मोठा सोहळा झाला, राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप आले होते, आणि त्या दिवशी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी या आडात ओतलं.