पाणी कशाचं घातलंय?

(दृश्य: शहापूर, बेळगाव. सकाळचे स्वयंपाकघर.)

बेळगावच्या शहापूर भागातील या घरात काकू पॅरिसला न्यायचे चिरोटे करीत आहेत. तीन पोळ्या एकावर एक ठेवायच्या, प्रत्येकीवर तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा लावायचा, घट्ट गुंडाळी करून लाट्या कापायच्या आणि पदर दबणार नाहीत इतक्या हलक्या हाताने त्या लाटायच्या. कढईत सोडल्यावर हे पदर एकेक करून सुटत जातात. ते आम्ही मुद्दाम जवळून टिपले, कारण पॅरिसमध्ये जेवणाची जागा निवडताना हीच पारख कामी आली.

(दृश्य: पॅरिस. संध्याकाळचा रस्ता, उपाहारगृहांच्या दारावरील पाट्या.)

काकूंचा मुलगा तीन वर्षांपासून येथे नोकरीला आहे आणि आईवडिलांना एकदा तरी चांगले फ्रेंच जेवण द्यावे, अशी त्याची इच्छा आहे. काकांना सर्व काही चालते. काकू मांस-मासे खात नाहीत. पक्वान्नातले अंडे मात्र त्यांना चालते. फ्रान्समध्ये पदार्थ आणि त्यांचे दर दाराबाहेर लावणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे आत न शिरताही बरेच काही कळते. कन्नड, मराठी आणि इंग्रजी पाट्या वाचत बाजारातून फिरणाऱ्या बेळगावकराला ही सवय नवी नाही.

पहिला विचार अर्थातच ताऱ्यांचा होतो. टायर बनवणाऱ्या मिशलॅं कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि १९२६ पासून तिच्यात उपाहारगृहांना तारे मिळू लागले. तपासनीस ओळख न देता जेवून जातात, म्हणून या ताऱ्यांना मान आहे. पण घरच्या माणसांना सहज जेवायला नेण्याची ही जागा नव्हे.

(दृश्य: फोबूर-मॉंमार्त्र रस्ता. उंच छत, आरसे, पितळी रॅक, घाईत फिरणारे वाढपी.)

हे दालन पाहा. यास ‘बुयों’ म्हणतात. बुयों म्हणजे मांस उकळून काढलेले कढण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास द्युव्हाल नावाच्या खाटकाने कष्टकऱ्यांना स्वस्तात गरम कढण आणि मांस देण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे तशा खानावळी शहरभर झाल्या. पडद्यावर दिसणारे ‘शार्तिये’ १८९६ पासून चालू आहे. अनोळखी माणसे एका टेबलावर बसतात आणि वाढपी टेबलावरच्या कागदावरच हिशेब मांडतो. ‘रेस्तोरां’ हा शब्दही मूळचा अशाच कढणाचा: अशक्त माणसाला पुन्हा उभे करणारे, ते रेस्तोरां. काका येथून हलायला तयार नव्हते. काकूंना मात्र येथे खाण्यासारखे थोडेच होते.

‘ब्रासेरी’ म्हणजे मुळात बिअर गाळण्याची जागा. १८७१ मध्ये अल्सास प्रांत जर्मनीकडे गेल्यावर तेथून आलेल्या लोकांनी पॅरिसमध्ये या जागा वाढवल्या. तेथे बहुधा दिवसभर जेवण मिळते. ‘बिस्त्रो’ या छोट्या खानावळींत मात्र दुपारी साधारण बारा ते अडीच आणि रात्री सातनंतरच चूल पेटते, आणि काय मिळेल ते काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले असते.

(दृश्य: दारावरील चिन्ह. पातेले आणि त्यावर घराच्या छपराचे झाकण.)

हे चिन्ह २०१४ मध्ये आले. ‘येथेच रांधलेले’ असा त्याचा अर्थ. कारखान्यात शिजवून गोठवलेले पदार्थ नुसते गरम करून वाढण्याचा प्रकार वाढला होता, म्हणून सरकारला हे करावे लागले. तरीही या चिन्हावर डोळे मिटून विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कच्चा माल गोठवलेला असला तरी नियमात बसतो, आणि पापुद्र्यांचा कच्चा उंडा बाहेरून विकत आणला तरीही चालतो. ज्या कामासाठी हात लागतो, नेमके तेच काम नियमाने सोडून दिले आहे.

म्हणून काकूंचा प्रश्न आम्हांला कोणत्याही चिन्हापेक्षा मोलाचा वाटला. एका मोठ्या चौकातील उपाहारगृहात चार भाषांतली, चित्रांसह छापलेली लांबलचक यादी होती. कांद्याचे सूप पाहून काकू मुलाला म्हणाल्या, “विचार की रे, पाणी कशाचं घातलंय म्हणून.” वाढप्याने आधी भाज्यांचे सांगितले, मग आत जाऊन आला आणि ठाऊक नाही म्हणाला. हे सूप परंपरेने गोमांसाच्या कढणात करतात. आपण वाढतो त्यात काय आहे, हे ज्या घरात कोणालाच सांगता येत नाही, तेथे आपल्या माणसांना बसवू नये.

(दृश्य: अकराव्या विभागातील गल्ली. खडूचा फळा.)

या फळ्यावर त्या दिवशी पाचच पदार्थ होते. तोच प्रश्न विचारताच आचारी स्वतः दारापर्यंत आला. सूप घेऊ नका, त्यात गोमांसाचे कढण आहे, असे त्याने आपणहून सांगितले. बहुतेक जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण असते, हेही सांगितले, आणि बटाट्याचे ‘ग्रातँ दोफिन्वा’ पुढे केले. पातळ चकत्या, दूध, साय, लसूण, एवढेच. मूळ कृतीत चीज नसतेच. त्याने ते मंद आचेवर भाजले होते, आणि भांड्याच्या कडेला साय जेथे तांबूस झाली होती, तो भाग काकूंनी चमच्याने खरवडून काकांच्या ताटात वाढला.

पाव आणि साधे पाणी यांचे पैसे पडत नाहीत. सेवाशुल्क दरातच धरलेले असते. एकूण खर्च मुलाच्या अंदाजात बसला.

(दृश्य: ‘मील-फय’ची बशी, अगदी जवळून.)

मील-फय म्हणजे हजार पाने. कणकेत लोण्याची वडी गुंडाळून लाटायची, तीन पदरी घडी घालायची, थंडीत विसावू द्यायची आणि पुन्हा लाटायची. असे सहा वेळा केले की लोण्याचे ७२९ थर होतात. येथे उंडा विकतचा नव्हता. काकूंनी काट्याने वरचे पान उचलले, खालचे मोजू लागल्या आणि थांबल्या.

निघताना आचारी हात पुसत बाहेर आला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. काकूंनी तळहातावर तळहात ठेवून घडी घातल्याची खूण केली आणि तीन बोटे दाखवली. त्याने मान हलवली, पिठाने पांढरा झालेला एक हात पूर्ण उघडला आणि दुसऱ्या हाताचे एक बोट त्याला जोडले.