थंडीतल्या पुण्याची हवा

[दृश्य : वेताळ टेकडी, डिसेंबर, सकाळचे सात]

टेकडीवर आकाश स्वच्छ निळं आहे. खाली मात्र नदीच्या दोन्ही काठांवर, डेक्कनपासून शिवाजीनगरपर्यंत, करडा थर आडवा पसरलाय. आपण त्याला धुकं म्हणतो. त्यात धुकं थोडं असतं. बाकी धूर आणि धूळ.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, पण शहराचं पोट खोलगट आहे. पश्चिमेला सह्याद्री, दक्षिणेला सिंहगड-कात्रजची रांग, मध्येच पर्वती, तळजाई, वेताळ आणि या सगळ्यांच्या पायथ्याशी मुळा-मुठेचं पात्र. हिवाळ्यात रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा जवळजवळ नसतोच. जमीन भराभर गार होते. तिला लागून असलेली हवाही गार होते, जड होते आणि उतारांवरून नदीकडे सरकते. तिच्यावर उबदार हवा झाकणासारखी बसते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

[दृश्य : सकाळची वाहतूक, रस्ता झाडणारे कामगार, वॉचमनची शेकोटी]

आणि नेमक्या याच वेळी शहर जागं होतं. शाळेच्या बस, दुचाकी, कोरड्या रस्त्यावर फिरणारे झाडू, कोपऱ्यावर पेटवलेला पालापाचोळा. दुपारी हाच धूर उन्हाने तापलेल्या हवेबरोबर एखाद-दोन किलोमीटर उंच चढून विरळ होतो. सकाळी त्याला वर जायला वाटच नसते. धूर तेवढाच, पण मावायला जागा कितीतरी कमी. झाडू मारणाऱ्या माणसाच्या छातीत तो सगळ्यात आधी जातो.

मुंबईला निदान दुपारी समुद्रावरचा वारा मिळतो. पुण्यापासून समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आणि मध्ये घाट. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी पश्चिमेची गार झुळूक इथवर येते, तेव्हा गच्चीवर बसलेल्या प्रत्येकाला ती कळते. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो, तोही मंद.

[दृश्य : पावसात भिजलेला लक्ष्मी रस्ता]

पावसाळ्यात हवा सुधारते. श्रेय आपण पावसाला देतो. पण पुणे पर्जन्यछायेत आहे. वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोकलने दीड तासावरच्या लोणावळ्यात याच्या कितीतरी पट कोसळतो. माझ्या मते पुण्याच्या हवेवर पावसाइतकेच उपकार दोन गोष्टींचे आहेत : अरबी समुद्रावरून सतत वाहणारा नैर्ऋत्येचा वारा आणि ओली राहणारी जमीन.

ऑक्टोबरमध्ये हा वारा थांबतो. बांधकामांची माती वाळते. रात्री गार होऊ लागतात. आणि याच वळणावर दिवाळी येते. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे फटाके खाली बसत चाललेल्या हवेत फुटतात, म्हणून त्यांचा धूर दुसऱ्या दिवशी सकाळीही घशाला जाणवतो.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. हवा खूप उंचापर्यंत मिसळते, पण धूळ उडते, आणि वाहनांच्या धुरातले वायू कडक उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करून जमिनीलगत ओझोन तयार करतात. तो डोळ्यांना दिसत नाही.

[दृश्य : पाषाण, हवामान संस्थेचं आवार]

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची 'सफर' यंत्रणा २०१३ पासून पुण्याच्या हवेचा अंदाज देते. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची भारतातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १५. त्यामुळे आपल्याकडे 'मर्यादेत' म्हटलेला दिवसही फुप्फुसांना निर्धोक असेलच असं नाही. वार्षिक सरासरी तर आणखी फसवी. पावसाळ्याचे महिने ती खाली ओढतात आणि जानेवारीच्या सकाळी तिच्यात बुडून जातात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, पुणे त्यात आहे. या शहराची प्रगती हिवाळ्यातल्या सकाळच्या आकड्यांवर मोजायला हवी.

टेकड्या हलवता येणार नाहीत, वाराही मागवता येणार नाही. वेळा बदलता येतात. थंडीत रस्ते पाणी मारून झाडता येतात, राडारोड्याचे ट्रक झाकता येतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी पहाटे न निघता ऊन चांगलं वर आल्यावर फिरायला जावं. आणि सोसायटीतल्या पालापाचोळ्याचं खत होतं; तो सकाळी सात वाजता पेटवायचं काहीच कारण नाही.