सीलबंद व्हेप पेन: आत काय असतं आणि गोव्यात ते कसं जोखायचं

[समोर टेबल. टेबलावर पितळेची छोटी समई, शाईचं पेन, मोबाईलची एक फुगलेली जुनी बॅटरी.]

नमस्कार मंडळी.

गेल्या मे महिन्यात माझा मावसभाऊ जहाजावरून सुटीवर घरी आला. आमच्या गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. संध्याकाळी म्हापशाला माझ्या दुकानात आला, खिशातून बोटाएवढं एक व्हेप पेन, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट, काढलं आणि म्हणाला, "दादा, हे चार्जच होत नाही. तू मोबाईल उघडतोस, तसं हेही उघडून बघ ना. आणि एक सांग, सिगरेटपेक्षा हे बरं ना?"

उघडायला मी नाही म्हटलं, का ते पुढे सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला उभ्याउभ्या देता येईना. मी स्वतः अकरा वर्षं सिगरेट ओढली आहे. तलफ म्हणजे काय ते मला माहीत आहे, त्यामुळे "सोड रे ते सगळं" एवढं बोलून त्याला वाटेला लावायला जीभ रेटली नाही.

हा व्हिडिओ आधीच निकोटिनमध्ये अडकलेल्या प्रौढ माणसासाठी आहे. ज्यानं कधी ओढलंच नाही, त्यानं यातलं काहीही सुरू करायचं कारण नाही. आणि इथे तुम्हाला एकही खरं पेन दिसणार नाही, कुठल्या कंपनीचं नाव ऐकू येणार नाही, कुठे मिळतं ते तर मुळीच नाही. भारतात या वस्तूची विक्रीही बंद आहे आणि जाहिरातही.

[समई पुढे ओढतो.]

ही समई. वात तेल वर ओढते आणि टोकाला ज्योत धरते. व्हेप पेनात हीच वात असते, कापसाची नाहीतर सच्छिद्र सिरॅमिकची. फक्त तिला ज्योत नाही. तिच्याभोवती बारीक तार असते, ती बॅटरीवर तापते. तेलाच्या जागी प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वाद यांचं मिश्रण. साध्या पेनाला बटणही नसतं. ओठाला लावून ओढलं की आतला सेन्सर हवेच्या दाबातला फरक ओळखतो आणि तारेत वीज सोडतो. जे बाहेर येतं ते पाण्याची वाफ नव्हे. ते त्या मिश्रणाचे बारीक थेंब असतात, निकोटिन पोटात घेऊन आलेले.

आता तापमान. पेटत्या सिगरेटचं टोक झुरका घेताना ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. तिथे पान जळतं, डांबर होतं, कार्बन मोनॉक्साइड होतो, हजारो रसायनं तयार होतात. पेनात जळण नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना, आणि काम साधारण त्याच टप्प्यात उरकतं. म्हणून पेनाच्या झुरक्यात सिगरेटच्या धुरापेक्षा विषारी घटक बरेच कमी असतात. ही गोष्ट खरी आहे आणि मी ती लपवणार नाही. पण कमी म्हणजे शून्य नाही. फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन, तारेतून सुटलेले निकेल-क्रोमियमसारखे धातू त्यातही सापडतात.

आणि इथे समईचीच गोष्ट पुन्हा येते. तेल संपत आलं की घरातलं कोणीतरी वात करपायच्या आत तेल घालतं, कारण तेल डोळ्यांना दिसत असतं. बऱ्याच सीलबंद पेनांत पातळी दिसतच नाही. द्रव संपतो, तार तशीच तापत राहते, वात करपते आणि उरलेला थेंबन्‌थेंब फुटून तीच फॉर्माल्डिहाइड-ॲक्रोलिनची जोडी वाढते. करपट चव लागली की तो झुरका अर्ध्यात सोडायचा. "अजून थोडं उरलं असेल" म्हणून ओढत राहणारे मी पाहिले आहेत.

सीलबंद असण्याचा एक फायदाही आहे, तो मान्य करतो. निकोटिनचा द्रव विषारी असतो, कातडीतूनही शरीरात शिरतो. घरात रांगतं मूल असेल तर उघड्या बाटलीपेक्षा सील केलेलं पॉड, म्हणजे द्रव भरलेली छोटी कुपी, बरं. शिवाय ओढणारा स्वतः काही भेसळ करू शकत नाही.

पण मला खरी काळजी वाटते ती मात्रेची. इथे जरा थांबतो.

[वहीवर आकडे लिहितो.]

युरोपीय संघाचा २०१४चा नियम आहे: मिलिलीटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन आणि पॉड २ मिलिलीटरपेक्षा मोठं नाही. म्हणजे एका पॉडमध्ये ४० मिलिग्रॅम. अमेरिकेत गाजलेल्या एका पॉडमध्ये द्रव होता फक्त ०.७ मिलिलीटर, पण वर लिहिलं होतं ५ टक्के. हे टक्के वजनाचे. द्रव पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ५ टक्के म्हणजे मिलिलीटरला ५० नव्हे, ५९ मिलिग्रॅम. ०.७ गुणिले ५९, झाले सुमारे ४१. पॉड एक-तृतीयांश आकाराचं आणि निकोटिन तेवढंच! म्हणून डब्यावरचा नुसता टक्का वाचून काही कळत नाही. टक्का वजनाचा की मिलिलीटरचा, आणि द्रव किती, ही दोन्ही उत्तरं हातात हवीत.

एक सिगरेट शरीरात साधारण १ ते दीड मिलिग्रॅम निकोटिन सोडते. पॉडमधलं सगळंच काही रक्तात जात नाही, तेव्हा "एक पॉड म्हणजे इतक्या सिगरेटी" असं छातीठोक समीकरण मांडणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माणसागणिक ते बदलतं. कोण किती खोल ओढतो, किती वेळ धरतो, यावर सगळं आहे.

सिगरेट मात्र संपते. माझा दिवस सिगरेटींनी मोजलेला असायचा. सकाळच्या चहाबरोबर एक, दुकान उघडल्यावर एक, दुपारी जेवून एक. विझवली की विझली. पुढची पेटवायची तर उठावं लागायचं, बाहेर जावं लागायचं, पाऊस असेल तर पागोळ्यांखाली उभं राहावं लागायचं. पेनाला असा शेवट नाही. दोन झुरके, खिशात. पुन्हा दोन. मावसभावाला मी विचारलं, "दिवसाला किती ओढतोस?" त्यानं तोंड उघडलं आणि गप्प झाला. त्याला सांगताच येईना. सिगरेट ओढायचा तेव्हा आकडा ओठांवर असायचा: सोळा.

वर या पेनांत बहुधा निकोटिन सॉल्ट असतं. साधं निकोटिन घशाला झोंबतं, जास्त झालं की माणूस खोकतो आणि आपोआप थांबतो. त्यात बेन्झोइक आम्ल मिसळलं की झोंबणं जातं. हे आम्ल टिकवणीचं म्हणून लोणच्या-सरबतांतही असतं. मात्रा जबर, पण घसा शांत. शरीरानं दिलेली राखणच निघून जाते. म्हणून ज्याला सिगरेटीतून बाहेर यायचं आहे त्याला असं पेन आणखी खोलात नेऊ शकतं, विशेषतः दोन्ही एकदम चालू असतील तर. माझ्या मते सिगरेट तशीच ठेवून वर पेन धरणं, हा यातला सगळ्यात वाईट प्रकार.

मग लोक म्हणतात, विलायतेत डॉक्टरच याची शिफारस करतात. बरोबर आहे. ब्रिटनमध्ये सिगरेट सोडवण्यासाठी याचा वापर होतो. कॉक्रेन ही अभ्यास तपासणारी संस्था आहे, तिच्या आढाव्यातही निकोटिनचं व्हेप हे निकोटिनच्या च्युइंगम आणि अंगाला चिकटवायच्या पट्ट्यांपेक्षा जास्त लोकांची सिगरेट सोडवतं असंच निघालं. पण तिथे डब्यावर आकडा छापणारा कोणीतरी असतो आणि आकडा खोटा निघाला तर त्याला पकडणाराही असतो. आपल्याकडे ही वस्तू चोरून येते. त्यावर २० लिहिलेलं असो की ५०, त्या आकड्याची जबाबदारी कोणावरच नाही. रंग, डबा, होलोग्राम, सगळं नकली बनवता येतं. नकली मोबाईल बॅटऱ्यांवरचे आकडे मी रोज बघतो, म्हणून हे मला जास्त लागतं.

अमेरिकेत २०१९ साली काय झालं ते ऐका. धडधाकट तरुण माणसं श्वास लागून इस्पितळात यायला लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण दाखल झाले होते आणि ६८ जण दगावले. बहुतेकांनी काळ्या बाजारातली गांजाच्या अर्काची काडतुसं, म्हणजे पेनात बसणाऱ्या कुप्या, ओढली होती. त्यांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं सापडलं. खायला चालतं, कातडीला लावायला चालतं, फुप्फुसात गेलं की घात. का मिसळत होते? घेणारे लोक काडतूस उलटं करून आतला बुडबुडा बघायचे. बुडबुडा हळू सरकला तर माल दाट, म्हणजे शुद्ध, अशी समजूत. विकणाऱ्यांनी ती ओळखली आणि दाटपणासाठी नेमकं तेच तेल घातलं. आमच्या निकोटिनच्या पेनात तेच असतं असं मी म्हणत नाही. मला दिसते ती त्या लोकांची परीक्षा. हातात धरून, उलटंसुलटं करून, वास घेऊन ते आपापल्या परीनं तपासतच होते.

[फुगलेली बॅटरी उचलतो.]

बॅटरीबद्दल थोडक्यात. ही फोनची आहे, फुगलेली. पेनात अशीच लिथियमची असते, फक्त इवलीशी. चांगल्या पेनात जास्त चार्ज झाल्यावर वीज तोडणारी छोटी सर्किट-पट्टी असते, स्वस्तात ती कितीदा गाळलेली असते. रात्रभर चार्जिंगला लावून उशाशी ठेवू नका. फुगली, गरम लागली, तर टोचायची नाही, कचऱ्याच्या पिशवीत टाकायची नाही. ई-कचऱ्यात द्यायची. हणजूणच्या वाळूत सकाळी फिरताना ही संपलेली पेनं मला दिसतात, तेव्हा जीव तुटतो. आत लिथियम आहे, उरलंसुरलं निकोटिन आहे, आणि तिथेच मुलं किल्ले करतात.

आता मी ते पेन का उघडलं नाही. बंदी असलेली वस्तू मला दुकानात हाताळायची नव्हती. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारनं अध्यादेश काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळ्याला बंदी. पहिल्यांदा १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा ठेवायला जागा दिली तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतः ओढण्याला त्या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, यावर बरेच जण निर्धास्त असतात. पण दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरताना बॅगेत घेऊन आलात तर ती आयात होते. मावसभावाला हे ठाऊकच नव्हतं. किनाऱ्याकडे खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी तर साठ्याचं कलम नीट वाचून ठेवावं. पाहुणा "ही पेटी चार दिवस ठेवा" म्हणाला तर ती तुमच्या अंगावर येऊ शकते.

म्हणून त्याला मी शेवटी म्हटलं, "तुझ्या हातातलं हे पेन सिगरेटपेक्षा बरं की वाईट ते मी सांगू शकत नाही, कारण त्यात काय आहे ते तुलाही माहीत नाही. मात्रा मोजता येईल असं निकोटिन घे."

ते कायदेशीर मिळतं. औषध म्हणून परवाना असलेली निकोटिनची उत्पादनं या बंदीतून वगळलेली आहेत. फार्मसीत २ आणि ४ मिलिग्रॅमचं च्युइंगम असतं. कुठलं घ्यायचं ते ठरवायला एकच प्रश्न: उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळानं? अर्ध्या तासाच्या आत असेल तर तलफ जबर, ४ची गरज पडू शकते. डॉक्टरांना हे सांगा. हृदयाचा त्रास असेल, पोटात बाळ असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

आणि ते चघळायची रीत आहे. मी पहिल्या आठवड्यात साध्या च्युइंगमसारखं चावलं, उचकी लागली, मळमळलं, फेकून दिलं. चार-पाचदा हळू चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं. चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, सोडा, लिंबू सरबत नको. तोंड आंबट असलं की निकोटिन गालातून आत जात नाही. आपल्याकडे जेवण म्हणजे सोलकढी आलीच, आणि जेवणानंतरची तलफ सगळ्यात वाईट. मी सोलकढी जेवणाच्या सुरुवातीला प्यायला लागलो, शेवटी साधं पाणी. मग ते च्युइंगम खरोखर लागू पडलं.

फोनवर बोलायचं असेल तर सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे, फुकट: १८००-११-२३५६. मावसभावानं माझ्या दुकानातूनच लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, दिवसाला किती? या वेळी त्यानं खरं ते सांगितलं, की मोजलेलं नाही. त्यांनी त्याला दोन दिवस प्रत्येक झुरक्याला वहीत एक रेघ मारायला सांगितली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला, तेव्हा पहिल्याच पानावर रेघांना जागा उरली नव्हती.