पैसे झाडाला लागत नाहीत

(पूल, सकाळ)

थेम्सच्या या काठावर सेंट थॉमस हॉस्पिटल, समोरच्या काठावर ब्रिटनची संसद. मधे वेस्टमिन्स्टरचा पूल. 15 डिसेंबर 2022. हाडं गोठवणारी थंडी. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग, म्हणजे आरसीएन, ही 106 वर्षांची संघटना. इंग्लंडमधल्या तिच्या परिचारिका आज पहिल्यांदाच संपावर आहेत.

(फलक, जवळून)

खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मार्करची अक्षरं, कडेला दवानं शाई फुटलेली. 'क्लॅप्स डोन्ट पे द बिल्स.' टाळ्यांनी बिलं भागत नाहीत. त्या टाळ्या 2020 च्या, कोरोनाच्या साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वाजलेल्या. सलग दहा गुरुवार रात्री आठ वाजता लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे. त्याच वर्षी मार्चमध्ये आपणही गॅलरीत थाळ्या वाजवल्या होत्या.

(शेजारचा फलक: झाडाचं चित्र)

हे झाड जून 2017 चं. निवडणुकीच्या तोंडावर टीव्हीवरच्या कार्यक्रमात एका परिचारिकेनं पंतप्रधान थेरेसा मे यांना विचारलं, माझा पगार 2009 साली होता तेवढाच आज कसा? उत्तर आलं, हलवलं की हवं ते सगळं देईल असं 'मॅजिक मनी ट्री' आमच्याकडे नाही. आपल्याकडे आई मुलाला म्हणते तेच, पैसे काय झाडाला लागतात? पण आई घरातलं पोर गप्प करते. इथं समोर रात्रपाळी करणारी बाई होती, आणि तिनं झाड मागितलंच नव्हतं. तिनं हिशेब मागितला होता.

हिशेब सुरू होतो 22 जून 2010 पासून. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी अर्थसंकल्पात 'पे फ्रीज' जाहीर केला. 21 हजार पौंडांहून जास्त वार्षिक पगाराच्या सरकारी नोकरांना दोन वर्षं वाढ नाही. पाठोपाठ आली 'पे कॅप', वाढ एक टक्क्यापुरतीच. फ्रीज, कॅप. ऐकायला हवामानाची बातमी वाटावी असे शब्द. नदी आपोआप गोठते. पगार कुणीतरी गोठवावा लागतो, आणि ते कुणीतरी या शब्दांत कुठंच दिसत नाही. 2020 मध्ये आपल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता दीड वर्ष 'गोठला', तेव्हा आपणही हाच शब्द वापरला.

(पे-स्लिप धरलेला हात)

एक शब्द मात्र या बायकांच्या बाजूचा आहे. 'रियल टर्म्स'. ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 11.1 टक्के होती. वर्षापूर्वी शंभर पौंडांत येणारा बाजार आता 111 पौंडांना. पगारात शंभराचे एकशे पाच झाले, तर कागदावर वाढ आणि रियल टर्म्समध्ये कपात. पे-स्लिपवर ही कपात छापलेली नसते. ती दुकानात कळते.

(गर्दी, हॉर्न)

मे 2023 मध्ये पाच टक्के वाढ आरोग्य सेवेतल्या संघटनांच्या बहुमतानं मान्य झाली, आरसीएनच्या सभासदांनी ती नाकारलेली असतानाही.

बस पुलावरून वळते आहे. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. हातमोज्यातला हात वर होतो.