पट हुकतो तेव्हा आधी काय तपासायचं

मंडळी, एका आकड्यापासून सुरुवात करतो. पट म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू होलकडे लोळवत मारायचा फटका. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचा, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांतला, गोल्फर ८ फुटांवरून असे १०० पट मारतो, तेव्हा त्यातले साधारण ५० होलमध्ये जातात. १० फुटांवरून ४० जातात, २० फुटांवरून १५ च्या आसपास. हाताशी कॅडी, म्हणजे मदतनीस, आहे, सराव रोजचा आहे, ग्रीन गालिच्यासारखी आहे, आणि तरीही निम्मे बाहेर. आपल्या गोल्फ क्लबातला एखादा सभासद मात्र ८ फुटांवरून तीन हुकले की रविवारी संध्याकाळी नवा पटर, म्हणजे पट मारायची काठी, बघायला लागतो आणि बुधवारी ग्रिप बदलतो. पुढच्या रविवारी काय बिघडलं आणि काय सुधारलं हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की पट कसा हुकतो हे कळेपर्यंत काहीही बदलू नका. पुढचे तीन राउंड स्कोअरकार्डाच्या मागे चार रकाने आखा: डावीकडे निघाला, उजवीकडे निघाला, लांबी चुकली, उताराचा अंदाज चुकला. दहा फुटांच्या आतले आणि बाहेरचे पट वेगळे लिहा. ‘निघाला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चेंडू होलच्या डावीकडून गेला म्हणजे तो डावीकडे निघालाच असं नाही. पहिल्या दोन फुटांत तो तुम्ही ठरवलेल्या रेषेवर होता का, एवढंच पाहायचं. रेषेवर निघूनही बाहेर गेला तर हाताचा दोष नाही, अंदाजाचा आहे. हा फरक न केल्यामुळे चांगला हात असलेली माणसं वर्षानुवर्षं हातच दुरुस्त करत बसतात.

आता भूमिती. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. चेंडू कमीत कमी १.६८ इंचांचा, जेमतेम ४३ मिलिमीटर. चेंडू कुठल्या दिशेला निघेल हे मुख्यतः टक्कर होते त्या क्षणी पटरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, कुठे बघतोय यावर ठरतं. पटर कुठल्या वाटेनं आला याचा वाटा त्यामानाने फार लहान. फेस एक अंश फिरला, तर १० फुटांवर चेंडू सुमारे दोन इंच सरकतो. मधोमध नेम धरला होतात तर तो आता होलच्या कडेवर आला, आणि कडेवरचा चेंडू मरत मरत आला तरच आत पडतो. ब्लेड, म्हणजे पातळ डोक्याच्या, पटरचं डोकं साधारण साडेचार इंच रुंद असतं. त्यावर एक अंश म्हणजे टो (डोक्याचं दूरचं टोक) आणि हील (दांड्याकडचं टोक) यांच्यात दोन मिलिमीटरांचा फरक. सगळा खेळ त्या दोन मिलिमीटरांचा आहे. स्ट्रोक सरळ मागे-पुढे असावा की किंचित कमानीत, यावर क्लबात तासन् तास वाद होतात. दोन्ही पद्धतींनी उत्तम पटिंग होतं. फेसकडे बघा.

दुसरी बाजू वेगाची. होलच्या बरोबर मधोमध आलेला चेंडूसुद्धा सेकंदाला साधारण १.६ मीटरपेक्षा जास्त वेगात असेल तर वरून उडून जातो. वेग जितका जास्त, तितकं होल लहान होतं असं समजा. होलला चुकला तर १२ ते १८ इंच पुढे जाऊन थांबेल एवढाच वेग हवा. सरावात होलच्या मागे १८ इंचांवर एक क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आडवा ठेवा. चेंडू क्लबला लागला तर तो उसळून परत आत गेला तरी पट फुकट गेला असं मोजा.

आता पटरकडे येऊ. दुकानात बहुतेक पटर ३४ किंवा ३५ इंचांचे मिळतात, आणि मध्यम उंचीच्या बऱ्याच माणसांना ते लांब पडतात. पटर लांब असला की माणूस ताठ उभा राहतो, डोळे चेंडूच्या फार आत, म्हणजे पायांकडे, येतात आणि रेषा तिरपी दिसते. तपासायला दुसरा चेंडू घ्या. नेहमीच्या पवित्र्यात उभे राहा आणि नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये धरून तो सोडून द्या. तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या आत एखाद्या इंचावर पडला तर ठीक. चार इंच आत पडला तर लांबी पाहा. चेंडूच्या पलीकडे पडत असेल तर तुम्ही फार वाकताय. शाफ्ट (दांडा) कापताना एका वेळी अर्धा इंचच कापा. इंचभर कापला की डोकं एकदम हलकं लागतं आणि हात उचकायला लागतो. अशा वेळी डोक्याच्या तळाला शिशाची टेप लावून वजन परत आणावं लागतं.

लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, बहुतेक पटरना ३ ते ४ अंश असतो, आणि तो कशासाठी ते समजून घेतलं पाहिजे. चेंडू गवतात किंचित रुतून बसलेला असतो. तो त्या खळगीतून अलगद निघून लवकर लोळायला लागावा, यासाठी हा लॉफ्ट. हात फार पुढे दाबून मारलं तर लॉफ्ट संपतो, चेंडू आधी जमिनीत दबतो आणि मग टुणकन उडतो. उलट चेंडू फार पुढे ठेवून मनगटानं खरवडलं तर तो हवेत उचलला जातो. दोन्ही वेळा लांबीचा भरवसा जातो. फोन जमिनीवर ठेवून, चेंडूच्या उंचीवरून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पहिल्या सहा इंचांत काय होतंय ते स्वच्छ दिसतं.

पटरचा तोल बोटावर बघता येतो. शाफ्ट आडवा धरून बोटावर तोला. फेस आकाशाकडे राहिला तर तो फेस-बॅलन्स्ड, टो खाली झुकली तर टो-हँग. कमानीत फिरणाऱ्या स्ट्रोकला थोडी टो-हँग जुळते, सरळ स्ट्रोकला फेस-बॅलन्स्ड, असा सर्वसाधारण नियम. तो वेदवाक्य मानू नका. गेटमधून (ते पुढे सांगतो) चेंडू कुठला पटर जास्त वेळा नेतो, त्याचं ऐका. वजन टो आणि हीलकडे वाटून द्यायची कल्पना कार्स्टन सोल्हाइम यांनी १९६६ मध्ये पिंग अँसर या पटरमधून रूढ केली. फेसच्या मध्यावर न लागलेला चेंडूही त्यामुळे फारसा आखूड पडत नाही. मॅलेटमध्ये, म्हणजे मोठ्या डोक्याच्या पटरमध्ये, तेच वजन आणखी मागे आणि बाहेर नेलेलं असतं. स्कॉटी शेफलरचं उदाहरण ताजं आहे. २०२३ च्या मोसमात तो लांबचे फटके मारण्यात जगातला सर्वोत्तम (बॉल-स्ट्रायकर) होता आणि पीजीए टूरच्या पटिंग क्रमवारीत १६२ वा. मार्च २०२४ मध्ये त्यानं ब्लेड सोडून मॅलेट हातात घेतला आणि त्याच आठवड्यात बे हिलची स्पर्धा पाच फटक्यांनी जिंकला. पण त्याआधी काही महिने तो प्रशिक्षक फिल केन्यन यांच्याबरोबर पटिंगवर काम करत होता, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

गेट म्हणजे काय ते सांगतो, कारण मला एकच सराव निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. सपाट जागी चेंडू ठेवा. त्याच्यापुढे ५० सेंटिमीटरवर दोन टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंट्या, रोवा, आतलं अंतर ५१ मिलिमीटर. चेंडूच्या दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर मोकळी जागा उरते. त्यातून चेंडू न घासता गेला, तर तुमची दिशा अर्ध्या अंशाच्या आत आहे. दहात सात गेले तर तुमचा हात चांगला आहे, आणि आठ फुटांवरून हुकणाऱ्या पटांचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. तीन-चारच गेले तर चेंडू कुठल्या टीला लागतो ते पाहा. सतत उजव्या टीला लागत असेल तर बहुतेक वेळा नेमच उजवीकडे धरला जातोय. मग दोन विणकामाच्या सुया रोवून त्यांत दोरा ताणा, दोऱ्याखाली चेंडू ठेवा आणि फेस दोऱ्याशी काटकोनात बसवा. पहिल्या दिवशी काटकोनातला फेसच तुम्हाला वाकडा वाटेल. तसं वाटलं तर दोष सापडला. चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे लागत असेल, तर फेस फटक्याच्या क्षणी हलतोय: पकड घट्ट आहे किंवा हात मध्येच थांबतोय. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एक मीटरच्या स्टीलच्या पट्टीवर घरच्या घरी हाच सराव होतो. चेंडू शेवटपर्यंत पट्टीवर राहिला तर चूक एक अंशाच्या आत. घरी फक्त दिशेचा सराव करा. लांबी फरशीवर आणि कार्पेटवर शिकता येत नाही.

लांबी चुकण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पटर लांब मागे नेणं आणि मग घाबरून पुढे येताना आवरणं. आवरताना फेस उघडतो, म्हणजे लांबीबरोबर दिशाही जाते. मागे जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात पटर चेंडूपर्यंत यावा. मनात ‘एऽक-दोन’ म्हणा. ३० फुटांचा पट असो की ५ फुटांचा, ही लय तीच राहते, बदलते ती फक्त मागे नेण्याची लांबी. १०, २०, ३० आणि ४० फुटांवर टी रोवून उलटसुलट क्रमानं एकेकच चेंडू मारा. एकाच अंतरावरून दहा मारले तर दुसऱ्यापासून हात आधीच्याची नक्कल करतो, आणि कोर्सवर आधीचा चेंडू नसतो.

उताराबद्दल लोक पुष्कळ बोलतात, गवताबद्दल फार कमी. आपल्या हवामानातल्या ग्रीनवर बहुतेक बर्म्युडा गवत असतं, आणि बर्म्युडा म्हणजे आपल्या हरळीचं कुळ, ज्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो त्याच. हरळी सरळ उभी वाढत नाही, एका अंगाला पसरते. त्या दिशेनं मारलेला चेंडू पळतो, उलट दिशेनं अडतो, आडवा मारला तर तिकडे ओढला जातो. ओळखायचं कसं? रेषेमागे उभं राहून गवत चकचकीत, फिकं दिसलं तर ते तुमच्यापासून दूर झुकलंय. गडद दिसलं तर तुमच्याकडे. खात्री करायची तर होलच्या कडेला वाका. एका बाजूची कड सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ असते आणि समोरची फाटलेली, तपकिरी पडलेली. गवत त्या फाटक्या कडेकडे वाढतंय. हातानं गवत चोळून पाहू नका, नियम १३.१ई प्रमाणे त्याला दंड आहे. दुपार उलटल्यावर गवत वाढतं आणि हा परिणामही वाढतो, म्हणून सकाळचा अंदाज चार वाजता चालत नाही. आणि उतारावरचा पट चढावरच्यापेक्षा जास्त वळतो, कारण तो हळू मारलेला असतो आणि जास्त वेळ लोळतो.

आता यिप्स. या विषयावर लोक खालच्या आवाजात बोलतात, जणू काही लाज वाटण्यासारखं आहे. दोन फुटांवर मनगट आपोआप झटका देतं. सरावाच्या रिकाम्या स्ट्रोकमध्ये तेच मनगट शांत असतं, चेंडू आला की झटकतं. काहींमध्ये हा दडपणाचा परिणाम असतो. काहींमध्ये तो मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञेतला बिघाड असतो, फार लिहिणाऱ्यांच्या बोटांना पेटका येतो त्याच जातीचा. त्यामुळे ‘मन घट्ट कर’ या सल्ल्यानं अशा माणसाचं नुकसानच होतं. लिहिताना किंवा चमचा धरतानाही हात झटकत असेल तर गोल्फ प्रशिक्षकाच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा.

अमेरिकन गोल्फर ल्युकस ग्लोव्हरनं २००९ चं यूएस ओपन जिंकलं आणि नंतर सुमारे दहा वर्षं त्याला यिप्सनी छळलं. २०२३ मध्ये त्यानं लांब, झाडूसारखा पटर घेतला, तोही गोल्फर ॲडम स्कॉट वापरतो त्या मापांचा. यात डावा हात वर दांडा धरून ठेवतो आणि उजवा खाली फक्त ढकलतो. जुन्या झटक्याला वापरायला ओळखीची हालचालच उरत नाही, आणि मेंदूला ही क्रिया नव्यानं शिकावी लागते. सोबत त्यानं अमेरिकन नौदलाच्या सील दलातल्या एका माजी सैनिकाकडून मनाची तयारी करून घेतली. त्या ऑगस्टमध्ये ४३ व्या वर्षी तो ग्रीन्सबरो आणि मेम्फिस अशा लागोपाठच्या दोन आठवड्यांत जिंकला. त्याच्या आधी जर्मन गोल्फर बर्नहार्ड लँगर पुन्हापुन्हा पकड बदलत याच वाटेनं गेले आणि १९८५ व १९९३ अशी दोन मास्टर्स जिंकले. तुम्ही लांब पटर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: १ जानेवारी २०१६ पासून वरचा हात, दांडा किंवा अग्रबाहू छातीला टेकवून मारता येत नाही. छाती आणि वरचा हात यांच्यात फट ठेवलेली बरी. दांडा डाव्या अग्रबाहूला लावून धरण्याची आर्म-लॉक पकड मात्र चालते. एवढा खर्च करण्याआधी डावा हात खाली घेऊन बघा, किंवा उजव्या हाताची पेन धरल्यासारखी क्लॉ पकड करून बघा. ती फुकट आहे, आणि अनेकांचा झटका तिथेच थांबतो. नवी पकड किमान तीन आठवडे ठेवा, त्याआधी निकाल देऊ नका.

मनाचं काम मी शेवटी ठेवलं, कारण वरचं तपासल्याशिवाय मनाला दोष देणं अन्याय आहे. कृती अगदी साधी ठेवा. चेंडूच्या मागून रेषा ठरवा, होलकडे बघत दोन रिकामे स्ट्रोक घ्या, पवित्रा घ्या, एकदा होलकडे बघा, मग नजर चेंडूच्या मागच्या बाजूवरच्या एका खळीवर दोन सेकंद ठेवा आणि मारा. चेंडू निघाल्यावरही नजर क्षणभर तिथेच, गवतावर. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी गोल्फरांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा निष्णात आणि सामान्य पट मारणाऱ्यांतला ठळक फरक या स्थिर नजरेतच दिसला. पवित्रा घेतल्यावर ‘डावीकडे नको’ असा विचार आला तर बाजूला व्हा आणि पहिल्यापासून सुरू करा. सोबती थांबतील.

स्पर्धेच्या सकाळी ग्रीनवर १५ मिनिटं मिळाली तर पहिली दहा लांब पटांना द्या. तेव्हा होलकडे नको, ग्रीनच्या कडेकडे मारा, म्हणजे आत गेला की नाही हा प्रश्नच येत नाही आणि त्या दिवसाचा वेग हाताला कळतो. पावसाळ्यात हे विशेष करा, कारण कालची सुकी ग्रीन आज रात्रीच्या सरीनंतर वेगळी असते. उरलेल्या पाच मिनिटांत दोन फुटांवरून एकच चेंडू होलभोवती फिरवत आठ-दहा वेळा आत घाला. सहा फुटांचे पट त्या सकाळी मारू नका. तिथून काही हुकणारच आहेत, आणि हुकलेला चेंडू डोळ्यांसमोर ठेवून दिवसाचा पहिला फटका मारायला जायचं नाही.