लाल पेनाआधी वही मोठ्याने वाचा

नमस्कार श्रोते हो. आजचं बोलणं शाळेतल्या गुरुजींसाठी आणि बाईंसाठी.

देवगडकडच्या तिसरीतल्या एखाद्या मुलाची वही डोळ्यांसमोर आणा. विषय, 'माझी सुट्टी'. त्याने लिहिलंय: 'रापण वडूक गेलंय. दोरि खूप जड. आजो वराडलो सोडू नको. हात सोलवटले. बांगडे गावले.' रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, वराडलो म्हणजे ओरडला. बाईंनी लाल पेन चालवलं. वडूकचं ओढायला, आजोचं आजोबा, गावलेचं सापडले. पुढच्या आठवड्यात विषय आला 'आवडता प्राणी'. पोराने लिहिलं, 'गाय दूध देते. गाय गवत खाते.' एकही चूक नाही. आणि एकही वाक्य त्याचं नाही!

आता तीच पहिली वही केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतले शिक्षक एकत्र बसतात त्या बैठकीत, घेऊन बसा. नाव झाकून पाच झेरॉक्स, पाच जणांचा गट, वीस मिनिटं. आधी एकाने मोठ्याने वाचायची. हो, मोठ्याने. मग कानालाच कळतं, की पोराने क्रम किती नेमका लावलाय: दोरीचं ओझं, आजाची हाक, सोललेले हात आणि शेवटी मासळी. पहिली पाच मिनिटं त्याला काय सांगायचंय, एवढंच बोला. चुकांचं नाव नको.

त्यानंतर चुका निवडा. 'आजो', 'गावले' ही मालवणी आहे, चूक नव्हे. शेजारी प्रमाण शब्द लिहून द्या, खोडू नका. 'दोरि' ही मात्र चूक. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. 'आणि', 'नि' हे अपवाद. उद्या वर्गात एवढंच घ्या: दोरी, होडी, वाळू. एका वेळी एकच गोष्ट. पुन्हा सांगतो, एकच.

हे फसतं कुठे? सगळे आपल्या हुशार मुलाची वही आणतात, तिथे. आणि केंद्रप्रमुख आधी बोलले की बाकीचे नुसती मान हलवतात. म्हणून सर्वांत नव्या शिक्षकाला पहिलं बोलू द्या, आणि वही मधल्या मुलाची आणा.

जाता जाता, शाळेतली गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका हो. आपल्या पावसात बुरशी आधी बंद कपाटातल्या पुस्तकांना धरते. मुलांच्या हातात फाटली तर फाटू देत, खळ लावून चिकटवता येतात.

आणि पुढच्या परिषदेला त्याच मुलाची वही पुन्हा आणा. 'दोरी' दीर्घ झाली का ते बघा, आणि आजो अजून वराडतो का, तेही.