सुभेदार रामजी सकपाळ यांचा संसार

श्रोतेहो,

रामजी मालोजी सकपाळ यांचा उल्लेख आपल्याकडे बहुधा एका ओळीत उरकला जातो : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. आज मी त्यांच्याविषयी एक संसारी गृहस्थ म्हणून बोलणार आहे. पलटणीतून निवृत्त झालेला, पेन्शनीवर घर चालवणारा, हट्टी आणि कष्टाळू असा हा माणूस. मात्र त्यांच्या हट्टाची किंमत घरातल्या ज्यांनी ज्यांनी मोजली, त्यांना वगळून रामजींचे कौतुक करणे मला पटत नाही.

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. लष्करात ते सुभेदार पदापर्यंत पोहोचले आणि चौदा वर्षे पलटणीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. शिपायांच्या मुलाबाळांना सक्तीने शिकवणाऱ्या त्या शाळांमुळे महार पलटणींच्या घरांत अक्षरओळख शिरली होती, आणि तीच पुढे रामजींच्या घरची खरी मिळकत ठरली. महारांची लष्करभरती सरकारने बंद केली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेऊन त्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला होता. कागदावर भांडण्याची रीत या घरात भीमरावांच्या आधीची आहे.

भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. त्यांचा जन्म 1891 साली महू येथे झाला. चौदांपैकी तीन मुलगे आणि दोन मुली जगल्या, एवढ्यावरून त्या संसाराने किती दुःख पचवले असेल याची कल्पना यावी. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तेथे 1896 साली मुलांची आई भीमाबाई गेल्या आणि पोरक्या मुलांना रामजींची बहीण मीराबाई हिने सांभाळले. वडील नोकरीनिमित्त बाहेर असत. खटाव तालुक्यात दुष्काळी काम म्हणून तलाव खोदला जात होता, तेथे ते रोखपाल होते. 1901 च्या सुटीत त्यांनी मुलांना तिकडे बोलावले. नवे सदरे, जरीच्या टोप्या आणि रेशीमकाठी धोतरे घालून मुले मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यायला कोणीच आलेले नव्हते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडी ठरली, तीही मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर. ती रात्र मुलांनी पाण्यावाचून काढली. मुले निघाल्याचे पत्र नोकराने रामजींना दिलेच नव्हते. हा प्रवास बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि तो वाचताना माझे लक्ष दरवेळी त्या कपड्यांकडे जाते. आईविना वाढणारी मुले वडिलांना भेटायला निघताना नटूनथटून निघाली होती. त्या घराला स्वतःची किंमत ठाऊक होती.

रामजींनी दुसरे लग्न केले, हेही सांगितले पाहिजे. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून लहानग्या भीमाला संताप येई. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही असे ठरवून गिरणीत काम करण्यासाठी मुंबईला पळून जाण्याचा, आणि त्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी लांबवण्याचा बेतही त्याने केला होता. पिशवीत भाड्यापुरतेही पैसे निघाले नाहीत आणि मुलगा अभ्यासाकडे वळला. वत्सल बापाच्या घरातही मुलाच्या मनात अढी बसू शकते. ती लपवून रामजींचे मोठेपण वाढत नाही.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. तिथल्या एकाच खोलीत सगळा संसार होता : चूल, भांडीकुंडी, सरपण, जाते आणि शेळीसुद्धा. दोघांना एका वेळी नीट पाठ टेकता येईल एवढीही जागा तेथे नव्हती. म्हणून रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याने रिकाम्या केलेल्या जागी आडवे होत. कबीरपंथी असल्याने त्यांच्या घरात भजन आणि संतांची पदे रोजची होती. महाभारत-रामायण कशासाठी वाचायचे, असे मुलाने विचारल्यावर त्यांनी द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांची नावे घेतली. अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या मुलाच्या मनात न्यूनगंड येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. दुसरीकडे, मुलगा परीक्षा पास झाला म्हणून वस्तीने सत्काराची सभा ठरवली, तेव्हा पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून त्यांनी विरोध केला. त्यांचे स्नेही, शिक्षक आणि लेखक केळुसकर गुरुजी यांनी समजूत घातल्यावरच ते तयार झाले.

आणि पुस्तके. मुलाने पुस्तक मागितले आणि हाताशी पैसे नसले, की रामजी आधी धाकट्या मुलीकडे उसने मागायला जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात. ती लग्नात मिळालेला एखादा दागिना काढून देई, तो गहाण पडे आणि पेन्शन झाली की सोडवला जाई. सासरी नांदणाऱ्या मुलीने अंगावरचा दागिना माहेरच्या पुस्तकासाठी काढून देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सासरच्यांना काय सांगायचे, हे तिचे तिलाच ठरवावे लागले असणार. भीमरावांचे थोरले भाऊ आनंदराव यांना तर शाळा सोडून नोकरीला लागावे लागले. दोघांनाही शिकवण्याइतकी ऐपत नव्हती. रामजींनी निवड केली आणि ती घराने मान्य केली. तिला मी न्याय्य म्हणणार नाही, पण तिच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

1913 च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. वडिलांना ती नोकरी मनातून नको होती. थोड्याच दिवसांत त्यांच्या आजाराची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. ते दुसऱ्या दिवशी पोहोचले, तेव्हा रामजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले. त्याच वर्षी मुलगा शिकायला न्यूयॉर्कला गेला. दहा वर्षांनी रुपयाच्या प्रश्नावरचा त्याचा प्रबंध छापला गेला, तो त्याने आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आणि कारणही दिले : आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग. मी त्या अर्पणपत्रिकेच्या खाली दोघी बहिणी, आत्या मीराबाई आणि आनंदराव यांचीही नावे वाचतो.